बाळाबाईचं वाक्य

लक्ष्मीपुरीच्या बाजारात जोतीराम सर मेथीची जुडी हातात घेऊन ती ताजी आहे की पाणी मारून टवटवीत केलेली आहे हे बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी "सर" म्हणालं. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर निम्मं गाव सर म्हणतं, म्हणून ते वळले ते आधीच हसून. तिशीची एक बाई उभी होती, डोक्यावर ओढणी, खांद्याला कापडी पिशवी. "मी शबनूर, सर. गडमुडशिंगीची. तुमच्या आक्कांच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर. मदिना टेलरची सून." नर्सिंग झालंय, परदेशातली नोकरी मिळतेय, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा आहे, आणि त्यासाठी तुमचंच पुस्तक घेतलंय, असं तिनं एका दमात सांगितलं. सर म्हणाले, छान. "त्यात एक शब्द आडलाय सर. एक्सेंट्रिकली. अर्थ दिलाय विक्षिप्तपणे. पर त्यो वापरायचा कसा, कुणासाठी वापरायचा, नीट कळंना." मग ती जरा थांबली आणि मेथीकडे बघत म्हणाली, "त्या शब्दाच्या वाक्यात बाळाबाईचं नाव हाय."

भाजीवाली म्हणाली, "घेनार हाईसा का नुसतं हुंगनार?" सरांनी जुडी खाली ठेवली. शबनूर सांगत होती की तिनं आक्कांना पुस्तकातलं नाव बोट ठेवून दाखवलं, आक्का इतक्या हरखल्या की गल्लीत घरोघर सांगून आल्या, भावानं माझं नाव छापलंय म्हणून. "काय लिवलंय म्हणून माझ्या मागं लागल्यात. मी म्हटलं, बाळाबाई लग्नाला गेली असं काहीतरी हाय. फुडचं मला नीट येईना." हे बोलतानाही ती सरांकडे बघत नव्हती, आणि ती का बघत नाही हे सरांना कळत होतं. कारण पुढचं इंग्रजी सोपं होतं, दहावीच्या मुलालासुद्धा कळेल इतकं. अवघड तो एकच शब्द. "आक्का म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. जोती आला की त्याच्याच तोंडनं ऐकीन."

घरी आल्यावर बायकोनं, पूर्णिमानं, विचारलं, मेथी कुठाय, तर त्यांना काही आठवेना. ते आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून पुस्तक काढलं. बाराशे क्रियाविशेषणं, प्रत्येकाचा मराठी अर्थ आणि एकेक इंग्रजी वाक्य. चार आवृत्त्या निघाल्या होत्या, क्लासवाली मुलं पाठ करत होती, पण स्वतः सरांनी ते छापून आल्यावर पुन्हा कधी सलग वाचलं नव्हतं. ते पान मात्र उघडावं लागलं नाही, आपसूकच उघडलं. वाक्य तिथं होतं, जसंच्या तसं. बाळाबाई लग्नात इतकी विक्षिप्तपणे वागली की तिच्या भावानं तिला ओळखत नसल्याचं भासवलं. वरच्या वाक्यात राम लवकर उठत होता आणि खालच्या वाक्यात सीता काटकसरीनं राहत होती. आणि मध्ये बाळाबाई.

या शब्दावर ते वर्गात नेहमी दहा मिनिटं घालवत. मुलांना सांगत, वर्तुळाचा मध्य जिथं असायला हवा तिथं नसतो, जरा बाजूला सरकलेला असतो, ते या शब्दाचं मूळ. म्हणजे वर्तुळ मोडकं नसतं, फक्त त्याचा मध्य आपल्याला दिसत नाही. विक्षिप्त, तऱ्हेवाईक, चमत्कारिक, खुळ्यागत, आपल्याकडे शब्द पुष्कळ, पण प्रत्येकात थोडा धोंडा असतो मारायला. इंग्रजी शब्दात धोंडा नाही, उलट थोडं कौतुकच आहे. पण वापर बघून करा, असंही ते बजावत. मोठ्या बंगल्यातला म्हातारा ऊनपाऊस नसताना छत्री धरून बसला तर तो एक्सेंट्रिक. झोपडीतला बसला तर नुसता वेडा. हा शब्द पोट भरलेल्या माणसासाठी आहे. मुलं हसायची. आज त्यांना वाटलं, आपण आक्काला तो शब्द दिला म्हणजे एका परीनं तिला वरच्या पायरीवर नेऊन बसवलं. हा विचार मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना किळस आली. कारण वाक्यातला चोरटा शब्द तो नव्हताच. भासवलं, हा होता. आणि त्याचा कर्ता बाळाबाई नव्हती.

आक्का त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा जोती चार वर्षांचा होता आणि आक्का नेसरीला दिलेली होती, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. दिवसकार्याला म्हणून आली ती परत गेलीच नाही. सासरची माणसं दोनदा न्यायला आली, चांगलं खातंपितं घर होतं, नवराही वाईट नव्हता. ती म्हणाली, ह्याला संगं आणलेलं चालत असंल तर येते, आणि जोतीकडे बोट दाखवलं. त्यांना चालत नव्हतं. पुढं नवऱ्यानं दुसरी केली आणि गावानं आक्काला खुळी म्हणून टाकलं. मग तिनं म्हशी पाळल्या, आणि तिशी ओलांडल्यावर ती सायकल शिकली, कारण कोल्हापूरला दूध घालायला डोक्यावरून नेलं तर दुसऱ्या फेरीला वेळ उरत नव्हता. लुगड्याचा काष्टा, वर पुरुषाचा शर्ट, मागं दोन किटल्या. शर्ट कशाला म्हणून कुणी हसलं तर म्हणायची, लुगड्याला खिसा कुठं असतोय. शेतातल्या सगळ्याच बाया शर्ट घालतात, पण त्या शेतातून आल्या की काढतात. आक्कानं तो कधी काढलाच नाही, पावण्यांत नाही, देवळात नाही. तिच्या प्रत्येक वागण्याला असं एक साधं कारण असायचं, आणि ते कुणी विचारत नसे. जोती कॉलेजात गेला तेव्हा ती पहाटेचं दूध घालून होस्टेलच्या फाटकाशी येऊन घंटा वाजवायची आणि तांब्याभर दूध त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्याच महिन्यात त्यानं सांगितलं, आक्का, फाटकापाशी नको, कोपऱ्यावर थांबत जा. ती पुढची चार वर्षं कोपऱ्यावर थांबली. का, ते विचारलं नाही. हे जोतीराम सरांना इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, किंवा आठवलं असलं तरी त्यांनी त्याला लाज हे नाव दिलं नव्हतं.

आणि मग स्नेहलचं लग्न. नऊ वर्षांपूर्वीचं. त्यांची एकुलती एक मुलगी, गारेगार मंगल कार्यालय, पुण्याचे व्याही. आक्का आदल्या दिवशी आली नाही, म्हशींना कोण बघणार म्हणून. लग्नादिवशी सकाळी आली, पूर्णिमानं घेतलेली रेशमी साडी नेसून आणि त्यावर शर्ट घालून. शर्ट सरांचाच होता. पहिल्या नोकरीतला, निळ्या रेघांचा, कॉलर विरली म्हणून त्यांनीच कधीतरी तिला दिलेला. पूर्णिमा हळूच म्हणाली, वन्सं, काढा की तेवढा. आक्का म्हणाली, थंडी वाजायलीया गं, ह्येंनी पंखं का काय लावल्यात. तिथपर्यंत ठीक होतं. पण तिसऱ्या पंगतीला ती कुठूनशी एक बादली घेऊन आली आणि ताटांमधून फिरत उष्टं गोळा करायला लागली. भात, पुऱ्यांचे तुकडे, भाजी. टाकू नगासा, म्हशीला जाईल, म्हणायची. लोक हसत देत होते. सरांच्या शिक्षणसंस्थेचे सचिव ताटात तीन जिलेब्या ठेवून उठायला लागले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पावणं, एवढं टाकून उठतासा व्हय? बसा, खावा. म्हस ग्वाड खात न्हाई." सचिव खरोखरच बसले. एक जिलेबी खाल्ली. मग हात धुताना त्यांनी सरांना विचारलं, "कोण हो या बाई?" ते रागावलेले नव्हते, नुसते विचारत होते. आणि जोतीराम सर म्हणाले, "केटरिंगवाल्यांची असेल कुणीतरी. मी ओळखत नाही."

त्यांनी पुढं कितीदा तरी हिशेब मांडून पाहिला होता की त्या क्षणी आपल्याला कशाची भीती होती. उपप्राचार्यपद आधीच मिळालेलं होतं. व्याही भले होते. सचिव स्वतः शेतकऱ्याच्या घरातले होते, माझी बहीण म्हटलं असतं तर कदाचित तिच्या पाया पडले असते. काही वाचवायचं नव्हतं, काही मिळवायचं नव्हतं. वाक्य असंच निघून गेलं, शिंक यावी तसं. आक्का दोन पावलांवर होती, पाठमोरी, बादलीवर वाकलेली. तिनं ऐकलं की नाही हे त्यांना कळलं नाही. पाठवणीच्या वेळी बघितलं तर ती गेलेली होती. पाचच्या केएमटी बसनं गेली, बादली घेऊन, असं कुणीतरी सांगितलं.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी, ते पुन्हा पुस्तकाच्या कामाला बसले. रोज सकाळी चार शब्द, वर्णानुक्रमे. त्या दिवशी नेमका हा शब्द आला. वाक्य सुचायला त्यांना एक क्षणही लागला नाही. लिहून झाल्यावर छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, ते त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांना वाटलं, आपण कबूल केलं. छापून कबूल केलं, हजारो प्रतींत. जिच्यापाशी कबूल करायचं तिला येत नाही अशा भाषेत.

आठ दिवस ते गेले नाहीत. वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबत. प्रकाशकाला फोन करून पुढच्या आवृत्तीत एक वाक्य बदलायचं आहे असं सांगितलं, तो म्हणाला, कधीही पाठवा सर, आणि फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की गडमुडशिंगीतल्या त्या एका प्रतीचं आपण काहीच करू शकत नाही. पूर्णिमानं एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. शर्टाची गोष्ट, बादलीची गोष्ट तिला माहीत होती, ती पुढं अनेकदा हसण्यावारी सांगितली गेली होती. हात धुतानाचं ते एक वाक्य मात्र तिला माहीत नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी ते केएमटीत बसले.

आक्का अंगणात म्हशीपुढं वैरण टाकत होती. एकाहत्तराव्या वर्षीही पाठ सरळ. वरून विमान खाली उतरत गेलं, विमानतळ जवळच, पण ना आक्कानं मान वर केली ना म्हशीनं. "आलास व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, पुस्तकात घातलं म्हंजे आता यायचं कारनच संपलं." हे तिनं थट्टेनं म्हटलं होतं. मग तिनं कुडावरून हाक मारली, आणि शबनूर पुस्तक घेऊन आली. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. आक्कानं आधी हात धुतले, पदराला पुसले, आणि मग पुस्तक मांडीवर घेऊन बोट ठेवलं. अक्षरओळख नसताना पान नेमकं सापडलं, म्हणजे किती वेळा उघडलं असेल.

"वाच," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. "बाळाबाई बिहेव्हड सो एक्सेंट्रिकली ॲट द वेडिंग दॅट हर ब्रदर प्रिटेंडेड नॉट टू नो हर." आवाज वर्गातला निघाला.

"नाव कळालं. लगीन बी कळालं. त्यो मोठा शबुद काय हाय?"

"एक्सेंट्रिकली. म्हंजे..." त्यांची बोली आपोआप बदलली. "म्हंजे चारचौघं वागत्यात तसं न्हाय. आपल्याच मनानं."

"खुळ्यागत."

"न्हाय. खुळ्यागत न्हाय, आक्का."

"मग?"

"ज्येचं त्येलाच कारन ठावं असतंय, तसं."

आक्कानं ते तोंडात घोळवल्यासारखं केलं. "ह्ये बेस हाय," ती म्हणाली. "आन फुडं? बाळाबाई तशी वागली, मग?"

शबनूर खांबाला टेकून उभी होती. सरांना पुस्तकातली अक्षरं स्पष्ट दिसत होती आणि त्यांना वाटलं, आपण आत्ता खरं बोलणार आहोत, ओठ तसे हललेसुद्धा. "मग तिच्या भावाला तिचा लई अभिमान वाटला," ते म्हणाले.

शबनूरनं खाली बघितलं. आक्कानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"असं लिवलंयस," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी ऐकलंतं, जोती. त्या दिशी. त्या मोठ्या पावण्याला म्हनालास, केटरिंगवाल्यांची असंल. मला वाटलं, चुकलं आपलंच. पोरीच्या लग्नात शर्ट घालून कशाला जायाचं. तवापास्नं कोल्हापूरला येताना घालत न्हाई बग मी. स्नेहलच्या पोराच्या बारशाला आलते तवा बी काढून आलते." तिनं डोळे पुसले नाहीत, ते नुसते ओले झाले होते. "पर ह्ये बरं झालं. माणूस तोंडानं कायबी बोलून जातंय. लिवताना खरं लिवतंय."

सरांना चहा दिला गेला, त्यांनी तो घेतला. आक्कानं स्नेहलच्या मुलाचं विचारलं, त्यांनी सांगितलं. ती आज भरभरून बोलत होती, मध्येच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवत होती, लहानपणी ठेवायची तसा, आणि तो हात प्रत्येक वेळी त्यांना गरम तव्यासारखा लागत होता. नऊ वर्षं त्यांना वाटत आलं होतं की तिनं ऐकलं असेल तर ती रागावली असेल. तिनं ऐकलं होतं आणि त्यांच्यासाठी कारण शोधून काढलं होतं, आणि ते कारण अंगावरून उतरवून खुंटीला टांगलं होतं. आणि आता तेही लागणार नव्हतं, कारण त्यांनी तिला अभिमान दिला होता. साडेपाचच्या बसची वेळ झाली तेव्हा ते जवळजवळ पळालेच.

शबनूर स्टॉपपर्यंत आली. स्टॉपवर तीन-चार माणसं होती, तिनं सरांना जरा बाजूला घेतलं आणि विचारलं, "सर, परीक्षेत प्रिटेंडेड आलं तर मी अभिमान लिवू का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती, पुढच्या महिन्यात पेपर होता. तीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला जाणूनबुजून चुकीचा अर्थ सांगितला नव्हता, एवढ्या एका गोष्टीचा त्यांना मनातून गर्व होता. "नाही," ते म्हणाले. "भासवलं. नाटक केलं. असं लिही."

"मला ठावं हाय सर," शबनूर म्हणाली. "पर त्यास्नी न्हाई." बस वळणावर दिसली. सर उलट दिशेनं चालायला लागले.

आक्का धार काढायला बसली होती. गोठ्याच्या दारातून संध्याकाळचं ऊन आत येत होतं. पितळी चरवीत धारेचा आवाज येत होता, एक लांब, एक आखूड. तिनं मान न वळवता विचारलं, "बस चुकली व्हय?"

"आक्का, मी मघाशी खोटं बोललो."

"कशात?"

"वाक्यात. अभिमान वाटला असं न्हाय त्यात. भावानं तिला वळखच दाखवली न्हाय, असं हाय. तसंच लिवलंय मी. तसंच छापलंय."

धार थोडा वेळ चालू राहिली. मग थांबली. म्हशीनं शेपूट हलवलं.

"मग मघाशी मला बरं वाटू दिलंस त्ये कशापायी?" आक्का म्हणाली.

ते दारात उभे राहिले. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली, मदिनाच्या शिलाई मशीनचा आवाज चालू झाला आणि बंद पडला.

"येक सांग," आक्का म्हणाली. "लाज शर्टाची वाटली, का बादलीची?"

तिनं स्वतःच दोन्ही उत्तरं पुढं ठेवली होती, त्यातलं एक तर नऊ वर्षं वापरून मऊ झालेलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शर्टाची म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मला वाटलंच, आणि पुन्हा धार काढायला लागली असती. जोतीराम सरांना नेमका शब्द शोधायची सवय होती. त्यांनी शोधला, आणि तो फार लांब नव्हताच, होस्टेलजवळच्या त्या कोपऱ्यापासून तिथंच उभा होता.

"तुझी," ते म्हणाले.

आक्कानं आता वळून बघितलं. रागानं नाही. बराच वेळ न सुटलेलं गणित कुणी सोडवून दाखवावं आणि उत्तर भलतंच यावं, तसं.

"म्हंजे शर्ट काढून आलते तरी वळखलं नसतंस," ती म्हणाली.

हा प्रश्न नव्हता. सर काहीतरी म्हणणार होते, माफीसारखं, त्यासाठी त्यांनी दारातून एक पाऊल आत टाकलं. आक्कानं पुन्हा म्हशीच्या कुशीला डोकं टेकवलं होतं आणि आचळं हातात घेतली होती.

"सरक जरा," ती म्हणाली. "उजेड आडवायलास."

ते बाजूला झाले. चरवीत धार पुन्हा पडायला लागली.